सेवा घेतली, मग पुरावा कोणी द्यायचा?

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अमेरिकन यादवी युद्धातल्या (१८६१-६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध दक्षिणेची) शिपायांच्या पेन्शनच्या फायली जपून ठेवलेल्या आहेत. आयरिश शिपायांच्या फायली चाळताना एक गोष्ट वारंवार सापडते. मुलानं छावणीतून आईला लिहिलेली मूळ पत्रं. पगार झाला, पैसे पाठवले आहेत, पोचले की कळव, घरभाडं भरून टाक, अशा मजकुराची. ती सरकारी फायलीत कशी आली? आईनंच आणून दिली. मुलगा आपल्याला पोसत होता हे सिद्ध केल्याशिवाय आश्रित आईला पेन्शन मिळत नसे आणि तिच्याजवळ दुसरा कागद नव्हता. पत्रं एकदा फायलीला जोडली गेली की तिथेच राहायची. मेलेल्या मुलाचं हस्ताक्षर द्यायचं आणि महिना ८ डॉलर घ्यायचे, असा तो व्यवहार होता.

परदेशातून आलेल्या माणसाला एखाद्या देशानं आपल्या लढाईत घ्यावं का, यावर दोन मतं असू शकतात. पण एकदा घेतलं की त्याच्या सेवेची नोंद ठेवणं, ती वेळ आली की स्वतःहून काढून दाखवणं आणि कबूल केलेलं देणं चुकतं करणं ही त्या देशाची जबाबदारी आहे. ती शिपायाच्या किंवा त्याच्या विधवेच्या गळ्यात टाकता येणार नाही. हे म्हणणं आज मांडायचं कारण असं, की परदेशी माणसांची सैन्यभरती थांबलेली नाही आणि तिच्यातल्या खाचाखोचा दीडशे वर्षांपूर्वी होत्या तशाच आहेत. आयरिश शिपायांची कहाणी त्यासाठी नीट पाहण्यासारखी आहे. कारण त्यांच्याकडून काय घेतलं आणि त्यांना काय दिलं, या दोन्हींचे कागद शिल्लक आहेत.

आधी एक जुना आरोप निकालात काढू. उत्तरेची फौज म्हणजे पैसे देऊन गोळा केलेले परदेशी, आयरिश आणि जर्मन भाडोत्री, असं दक्षिणेत आणि ब्रिटनमध्येही तेव्हा सर्रास बोललं जाई. बटाट्याच्या दुष्काळानंतर लाखो आयरिश अमेरिकेत आले, १८६० च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांची संख्या १६ लाखांवर होती आणि त्यांतले साधारण १ लाख ४४ हजार उत्तरेच्या सैन्यात गेले. आकडा मोठा वाटतो. पण लढण्याच्या वयाच्या पुरुषांत त्यांचं जेवढं प्रमाण होतं, त्याहून सैन्यातलं प्रमाण कमीच भरतं. सगळे परदेशी धरले तरी तेच. उत्तरेत लढण्याच्या वयाच्या पुरुषांत ते जवळपास ३० टक्के होते आणि शिपायांत २५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फौज परदेशी माणसांच्या जिवावर उभी होती, ही गोष्ट खोटी आहे. साध्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर, १८६४ मध्ये तो १६ झाला. दर दोन महिन्यांनी द्यायचा असा नियम, प्रत्यक्षात चार-चार, सहा-सहा महिने थकायचा. त्यासाठी कोणी भाडोत्री होत नाही.

हे लोक गेले कशाला, याचं उत्तर एका ओळीत देता येणार नाही. काहींना काम नव्हतं. काहींना युद्धकला शिकून पुढे इंग्रजांविरुद्ध वापरायची होती. आणि बऱ्याच जणांना आपण या देशाचे आहोत हे दाखवायचं होतं, कारण त्या देशानं नुकतंच त्यांना उलट सांगितलं होतं. १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात परदेशी लोकांच्या, त्यातही कॅथलिकांच्या विरोधातला ‘नो नथिंग’ पक्ष सत्तेवर आला आणि त्या सरकारनं आयरिश लोकांच्या राखीव सैन्यातल्या तुकड्या मोडीत काढल्या. यांच्या हातात बंदूक नको, असा त्याचा अर्थ. १८५९ मध्ये त्याच राज्यानं घटनादुरुस्ती करून नवनागरिकांना आणखी दोन वर्षं मतदान बंद केलं. १८६१ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा त्याच मॅसॅच्युसेट्सनं ९ वी आणि २८ वी अशा खास आयरिश पलटणी उभारल्या. ती दोन वर्षांची मतबंदी उठली १८६३ मध्ये. सहा वर्षांपूर्वी हिसकावून घेतलेली बंदूक गरज पडल्यावर पुन्हा हातात दिली, मत मात्र माणसं मरायला लागल्यावर.

१७ जुलै १८६२ चा कायदा या सगळ्या कहाणीतली सर्वांत चांगली गोष्ट आहे. त्याच्या २१ व्या कलमात म्हटलं होतं, की २१ वर्षांवरचा कोणताही परदेशी माणूस सैन्यात भरती झाला आणि सन्मानानं सेवामुक्त झाला, तर त्याला नागरिकत्वासाठी आधीचं इरादापत्र (नागरिक व्हायचा इरादा आहे, असं लिहून दिलेलं पत्र) लागणार नाही आणि एका वर्षाच्या वास्तव्याचा पुरावा पुरेल. इतरांना पाच वर्षांचं वास्तव्य आणि किमान दोन वर्षं आधी दिलेलं इरादापत्र लागायचं. सरळ, छोटी, साध्या माणसाला कळेल अशी अट. सैन्यात सेवा केलीस, तू आमचा.

पण कलम वाचताना त्यातल्या भेगाही दिसतात. कायद्यात शब्द होता ‘सैन्य’. नौदल त्यात नव्हतं. हजारो आयरिश खलाशी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी करत होते, त्यांना ही सवलत १८९४ पर्यंत मिळाली नाही. दुसरी भेग सेवामुक्तीच्या दाखल्याची. तो कागद शिपायानं स्वतः जपायचा. पावसात, नदी ओलांडताना, इस्पितळातून इस्पितळात जाताना तो हरवला, की न्यायालयापुढे उभं राहायला हातात काही नाही. त्यात आजारातून उठून घरी परतलेला, पण पलटणीत हजेरी न लावलेला शिपाई वहीत ‘पळून गेला’ असा नोंदला जायचा आणि ३ मार्च १८६५ च्या कायद्यानं पळपुट्यांचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले. नोंद चुकीची असेल, तर ती चुकीची आहे हे सिद्ध करण्याचं काम पुन्हा शिपायाचं.

तिसरी भेग आणखी खोल होती. मार्च १८६३ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला. २० ते ४५ वर्षांचे नागरिक आणि नागरिकत्वाचं इरादापत्र दिलेले परदेशी, दोघांनाही तो लागू होता. मे महिन्यात लिंकननं जाहीरनामा काढला, की ज्यांनी इरादापत्र दिलं आहे त्यांना परदेशी असल्याची सबब चालणार नाही. पटत नसेल तर ६५ दिवसांत देश सोडा. या देशात राहायचंय म्हणून ज्यानं प्रामाणिकपणे अर्ज केला त्याचं नाव चिठ्ठीत आलं, ज्यानं अर्जच केला नाही तो सुटला. हक्काच्या आशेनं भरलेला कागद असा सक्तीच्या यादीत रूपांतरित होतो, तेव्हा पुढच्या माणसाला कोणताही सरकारी कागद भरताना भीती वाटणारच.

त्याच कायद्यात ३०० डॉलर भरून सुटण्याची सोय होती, किंवा आपल्या जागी बदली माणूस द्यायचा. रोजंदारीवरच्या आयरिश मजुराला दिवसाला साधारण एक डॉलर मिळायचा; म्हणजे ३०० डॉलर ही त्याची जवळपास वर्षाची कमाई. भरतीला पात्र ठरलेल्यांपैकी सुमारे ८७ हजारांनी पैसे भरले, ७४ हजारांनी बदली माणसं दिली आणि स्वतः गेले ते ४६ हजार. हे आकडे वाचल्यावर त्या वेळचा राग कळतो. पण तो राग न्यूयॉर्कमध्ये १३ ते १६ जुलै १८६३ या चार दिवसांत जसा फुटला, त्याचं समर्थन करता येत नाही. मुख्यतः आयरिश मजुरांच्या त्या जमावानं काळ्या माणसांना रस्त्यात ठार मारलं, खांबांना लटकवलं, दोनशेवर मुलं राहत असलेला काळ्या अनाथांचा आश्रम जाळला. शंभरावर माणसं मेली. जमावाच्या हाती सापडून हालहाल होऊन मेलेल्यांत कर्नल हेन्री ओब्रायन हा आयरिश अधिकारीही होता. आयरिश शिपायांच्या सेवेबद्दल लिहिताना हे चार दिवस गाळणारे लेख मी बेइमान मानतो. ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांच्यातलेच पुरुष त्या वेळी सैन्यात महिना १० डॉलरवर, त्यातूनही ३ डॉलर कपड्यांचे कापून, लढत होते.

आता भरतीच्या बाजाराकडे येऊ. १८६३ च्या शेवटाला नव्या शिपायाला केंद्र सरकारची ३०० डॉलरची बक्षिसी होती. तिच्यावर राज्याची, जिल्ह्याची, शहराची वेगळी. प्रत्येक गावाला ठरलेली माणसं पुरवायची असल्यानं गावं एकमेकांवर चढ करत रक्कम वाढवायची. केंद्राची रक्कम हप्त्यांनी यायची आणि शिपाई मधेच मेला की पुढच्या हप्त्यांसाठी वारसांना दावा लावावा लागे. स्थानिक रक्कम रोख मिळायची, पण ती घेताना दलाल शेजारी उभा असायचा. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला कॅसल गार्डन नावाचं स्थलांतरितांचं केंद्र होतं. १८५५ पासून न्यूयॉर्कला उतरणारा जवळपास प्रत्येक आयरिश माणूस तिथूनच शहरात शिरायचा आणि बाहेरच्या मैदानात भरतीचे तंबू लागलेले असायचे. दलालाची पद्धत ठरलेली. राहायला खोली द्यायची, दोन दिवस खाऊ-पिऊ घालायचं, त्याचा हिशेब फुगवायचा, कुठल्या जिल्ह्यात जास्त रक्कम आहे तिथं माणूस न्यायचा, सही किंवा फुली करून घ्यायची आणि रक्कम हातात पडताच आपला वाटा, उधारी, प्रवासखर्च कापून उरलेले चार पैसे शिपायाला द्यायचे. अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काहींना फक्त आयरिश भाषा येत होती, करारनामा इंग्रजीत होता.

समुद्रापलीकडेही हात पोचले होते. नोव्हेंबर १८६३ मध्ये कीरसार्ज ही अमेरिकन युद्धनौका कॉर्कजवळच्या क्वीन्सटाउन बंदरात थांबली आणि १६ आयरिश माणसं घेऊन निघाली. ब्रिटिश कायद्यानं परदेशी सैन्यासाठी भरती करणं गुन्हा होता. बोभाटा झाला आणि डिसेंबरमध्ये त्या सोळाही जणांना परत आणून उतरवावं लागलं. १८६४ मध्ये मजुरीच्या बोलीवर आयर्लंडहून न्यू इंग्लंडला आणलेले तरुण उतरल्या-उतरल्या शिपाई झाल्याच्या तक्रारी ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेल्या. नोकरीचं आमिष, तिकिटाचे पैसे आगाऊ, उतरल्यावर मागे फिरायला जागा नाही. २०२३-२४ मध्ये मदतनिसाच्या, सुरक्षारक्षकाच्या नोकरीच्या बोलीवर रशियाला गेलेल्या आणि युक्रेनच्या आघाडीवर पोचलेल्या भारतीय तरुणांच्या बातम्या ज्यांनी वाचल्या, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. मार्च २०२४ मध्ये सीबीआयनं एजंटांवर गुन्हा नोंदवला, जुलैमध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत विषय काढला, बरेच जण परतले. काही मात्र तिथेच मारले गेले. न कळणाऱ्या भाषेतल्या करारावर त्यांनीही सह्या केल्या होत्या.

सेवा म्हणजे नेमकं काय, हेही जवळून पाहायला हवं, नाहीतर कागदांच्या चर्चेत ती हरवते. १३ डिसेंबर १८६२, व्हर्जिनियातलं फ्रेडरिक्सबर्ग. आयरिश ब्रिगेडमध्ये न्यूयॉर्कच्या ६३, ६९ आणि ८८ या पलटणी, सोबत २८ वी मॅसॅच्युसेट्स आणि ११६ वी पेनसिल्व्हेनिया. न्यूयॉर्कच्या पलटणींचे हिरवे झेंडे फाटून नवे करायला गेले होते, म्हणून ओळख राहावी यासाठी सगळ्यांनी टोप्यांत बॉक्सवूडच्या हिरव्या डहाळ्या खोचल्या होत्या. समोर मेरीज हाइट्स नावाची टेकडी, तिच्या पायथ्याशी खोलगट रस्ता आणि रस्त्याच्या कडेनं साधारण चार फूट उंचीची दगडी भिंत. भिंतीमागे दक्षिणेचे शिपाई चार-चार रांगांत. मागच्या रांगा बंदुका भरून पुढे देत होत्या. मधे उघडं मैदान आणि त्यात एक पाण्याचा चर.

न्यूयॉर्कच्या या पलटणींच्या हातात १८४२ ची स्प्रिंगफील्ड बंदूक होती. नळी आतून गुळगुळीत, पीळ नसलेली, व्यास शून्य पूर्णांक ६९ इंच. तिच्या काडतुसात एक मोठी गोळी आणि वर तीन छर्रे असत. ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर जनरल थॉमस फ्रान्सिस मेघर याला हीच बंदूक पसंत होती, कारण पन्नास यार्डांवर एकेक बार चार बारांचं काम करायचा. पण शंभर यार्डांपलीकडे ती जवळजवळ निरुपयोगी. पीळदार नळीची बंदूक तीनशे यार्डांवरून माणूस पाडायची. म्हणजे भिंतीमागच्या शत्रूचा नेम पहिल्या पावलापासून लागत होता आणि यांची बंदूक अगदी शेवटच्या टप्प्यात कामाची. ती भरायची कशी? समोरच्या दातांनी काडतुसाचा कागद फाडायचा (म्हणूनच भरतीच्या वेळी पुढचे दात तपासत), दारू नळीत ओतायची, गोळी-छर्रे आत सारायचे, गज काढून ठासायचं, गज परत जागेवर घालायचा, घोडा अर्धा ओढायचा, निपलवर, म्हणजे घोडा आपटतो त्या टोकावर, ठिणगी देणारी तांब्याची छोटी टोपी बसवायची, घोडा पूर्ण ओढायचा, नेम धरायचा. तरबेज माणूस मिनिटाला तीन बार काढायचा. घाबरलेला माणूस टोपी बसवायला विसरे, बार झाला असं समजून दुसरं काडतूस ठासे किंवा गज नळीतच ठेवून चाप ओढे. गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानावरून गोळा केलेल्या बंदुकांपैकी हजारोंमध्ये दोन-दोन, काहींत त्याहून अधिक बार ठासलेले सापडले. हे सगळं उभ्यानं करायचं, कारण पडून तोंडाकडून भरायची लांब बंदूक भरणं फार अवघड.

त्या दिवशी ब्रिगेडमधले सुमारे १२०० जण पुढे गेले. ५४५ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. भिंतीपर्यंत कोणी पोचलं नाही. त्या मैदानात कोणाला तुझं इरादापत्र कुठे आहे, असं विचारलं गेलं नव्हतं.

आणि तिथंच मेलेल्या शिपायाच्या बायकोला मात्र पुढच्या वर्षी काय काय विचारलं जाई ते पाहा. १४ जुलै १८६२ च्या पेन्शन कायद्यानं साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर मिळायचे, १८६६ नंतर सोळा वर्षांखालच्या दर मुलामागे आणखी २. नवऱ्याची सेवा आणि मृत्यू सैन्याच्या नोंदी सांभाळणाऱ्या ॲडज्युटंट जनरलच्या कचेरीच्या दप्तरातून तपासला जायचा. हे योग्यच होतं. बाकी सगळं तिनं सिद्ध करायचं. लग्न झालं होतं याचा दाखला. मुलं कधी जन्मली याचा दाखला. दोन साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं. नवरा तापानं किंवा हगवणीनं घरी येऊन मेला असेल, तर आजार सेवेतच जडला, असं सांगणारा अधिकारी किंवा डॉक्टर शोधायचा. आणि पलटणीतला अधिकारी बहुधा आधीच मेलेला असायचा.

आयरिश विधवेची खरी अडचण लग्नाच्या दाखल्याची. आयर्लंडमध्ये जन्म, मृत्यू आणि कॅथलिक विवाहांची सरकारी नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १८६४ ला. म्हणजे १८५० च्या सुमारास मेयो किंवा केरीच्या एखाद्या खेड्यात झालेल्या कॅथलिक लग्नाची सरकारी नोंद कुठेच नाही. मग समुद्रापलीकडे धर्मगुरूला पत्र पाठवायचं, त्यानं चर्चची वही शोधायची, वही असली तर उतारा काढून द्यायचा, त्याची सही खरी असल्याचं कोणीतरी प्रमाणित करायचं. वही नसली, जळाली किंवा धर्मगुरूनं नोंदच केली नसली, तर लग्नाला हजर असलेली आणि आता अमेरिकेत असलेली दोन माणसं शोधायची. मुलांच्या जन्मासाठी सुईण किंवा शेजारीण. एकेका अर्जाला महिने लागत, कधी वर्षं. दाव्याच्या वकिलांची फी कायद्यानं १८६४ मध्ये १० डॉलरवर बांधली होती, तरी वरखर्चाच्या नावानं त्याहून बरंच निघायचं.

त्यात नावांचा घोळ. कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलं. नावाआधीचं ‘ओ’ कधी आहे, कधी नाही. एकाच माणसाचं आडनाव पलटणीच्या वहीत, इस्पितळात आणि पगारपत्रकात तीन तऱ्हेनं. ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही तो ते दुरुस्त तरी कसं करणार? त्याच्या नावापुढे फुली आणि बाजूला साक्षीदाराची सही. काहींनी घरच्यांपासून लपून किंवा आधीच्या पलटणीतून पळून येऊन खोट्या नावानं भरती केली होती. ते मेले की विधवेनं नवऱ्याचं खरं नाव आणि वहीतलं नाव एकाच माणसाचं आहे हेही शाबीत करायचं.

फसवणूक टाळायला पुरावा मागावाच लागतो, असं यावर म्हटलं जाईल. खोटे दावे होत होते, ते मी नाकारत नाही. पण पुराव्याचा नियम कसा असावा हे सरकारच्या हातात असतं आणि त्याच सरकारनं तो बदलून दाखवला होता. गुलामगिरीत काळ्या जोडप्यांचं लग्न कायद्याला मान्य नव्हतं, त्यामुळे काळ्या शिपायांच्या विधवांकडे दाखला असणं अशक्य होतं. ४ जुलै १८६४ च्या कायद्यानं ठरवलं, की भरतीच्या आधी दोन वर्षं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिल्याचं शाबीत झालं तरी पुरे. सगळ्या अडचणी त्यानं सुटल्या नाहीत, काळ्या विधवांना पुढेही फार सोसावं लागलं. तरी तत्त्व बरोबर होतं. ज्या समाजाकडे कागद नाहीत हे ठाऊक आहे, त्याच्याकडे कागद मागायचा नाही. आयर्लंडमध्ये नोंदणी नव्हती हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि सरकारकडे नोंदी नव्हत्या असंही नाही. प्रत्येक कंपनीची वर्णनवही असायची. तिच्यात शिपायाची उंची, डोळ्यांचा नि केसांचा रंग, जन्मस्थान, धंदा, भरतीची तारीख. दर दोन महिन्यांनी हजेरीपट. भरतीच्या दिवशी आणखी दोन रकाने भरून घेतले असते, बायकोचं नाव आणि पैसे कोणाला पाठवायचे ते, तर पुढच्या अर्ध्याअधिक फायली चार पानांत संपल्या असत्या. हा माझा हट्टाचा मुद्दा आहे. शिपाई जिवंत असताना, समोर उभा असताना, एका मिनिटात विचारता येणारी गोष्ट त्याच्या मरणानंतर त्याच्या बायकोकडून दोन वर्षांत सिद्ध करून घेणं यात सावधगिरी नाही, कामचुकारपणा आहे.

उलट, नोंद पक्की आणि सोबत्यांची साक्ष खरी असली की काय होतं, त्याचं एक उदाहरण इलिनॉयमध्ये आहे. आयर्लंडच्या लाउथ परगण्यातल्या क्लोगरहेड गावात जेनी हॉजर्स या नावानं जन्मलेली व्यक्ती ऑगस्ट १८६२ मध्ये अल्बर्ट कॅशियर या नावानं ९५ व्या इलिनॉय पलटणीच्या ‘जी’ कंपनीत दाखल झाली. लिहिता येत नव्हतं, कागदावर फुली. वैद्यकीय तपासणी म्हणजे हात-पाय दाखवणं, एवढंच. व्हिक्सबर्गचा वेढा, लुइझियानातली रेड नदीवरची मोहीम, जून १८६४ मध्ये मिसिसिपीत झालेला मोठा पराभव ज्यात पलटणीचा कर्नलच पडला, पुढे नॅशव्हिल आणि अलाबामातलं मोबाइल शहर. तीन वर्षं पूर्ण करून ऑगस्ट १८६५ मध्ये सेवामुक्ती. त्यानंतर सॉनमिन या छोट्या गावात कॅशियर पुरुष म्हणून राहिला, पडेल ती कामं केली, मतदान केलं, पुढे पेन्शन घेतली. १९११ मध्ये मोटारीच्या अपघातात पाय मोडला तेव्हा डॉक्टरला खरं कळलं. १९१४ मध्ये मनोरुग्णालयात हलवल्यावर तिथं त्याला जबरदस्तीनं बायकांचे कपडे घालायला लावले. पेन्शन कचेरीनं चौकशी सुरू केली, की पेन्शन घेणारी व्यक्ती आणि लढलेला शिपाई एकच का? पलटणीतले म्हातारे सोबती आले आणि त्यांनी साक्ष दिली, की हा तोच अल्बर्ट, आमच्याबरोबर चाललेला. पेन्शन चालू राहिली. ऑक्टोबर १९१५ मध्ये मृत्यू झाल्यावर गणवेशात, लष्करी इतमामानं दफन झालं.

चौकशीचा निकाल बरोबर होता, कारण कचेरीनं शेवटी योग्य तो एकच प्रश्न विचारला. सेवा या माणसानं केली का? जन्मगाव, खरं नाव, देह, यांपैकी काहीही त्या प्रश्नाचं उत्तर बदलत नव्हतं.

नागरिकत्वाची दुसरी बाजू युद्ध संपल्यावर उघडी पडली. आयर्लंडमधल्या बंडाला मदत म्हणून १८६७ मध्ये अमेरिकेतून शस्त्रं घेऊन निघालेल्या एरिन्स होप या जहाजावरून जॉन वॉरन आणि ऑगस्टीन कॉस्टेलो किनाऱ्याला लागले आणि पकडले गेले. वॉरन हा उत्तरेच्या सैन्यात कॅप्टन होता, आता अमेरिकेचा नागरिक. डब्लिनच्या न्यायालयात त्यानं परदेशी माणूस म्हणून निम्मे परदेशी पंच मागितले. न्यायालयाचं उत्तर होतं, की जो ब्रिटिश राजाची प्रजा म्हणून जन्मला तो मरेपर्यंत ब्रिटिश राजाचीच प्रजा. अमेरिकेचा गणवेश, अमेरिकेची शपथ, सगळं शून्य. या प्रकरणानं अमेरिकेत संताप उसळला आणि २७ जुलै १८६८ ला काँग्रेसनं कायदा करून नागरिकत्व बदलणं हा प्रत्येकाचा नैसर्गिक हक्क असल्याचं जाहीर केलं. १८७० मध्ये ब्रिटननंही कायदा बदलून ते मान्य केलं. सेवेच्या बदल्यात दिलेलं नागरिकत्व आपल्या सीमेबाहेरही टिकेल हे पाहणं, ही देणाऱ्या देशाची जबाबदारी आहे, हे मान्य व्हायला पाच वर्षं लागली.

आज अमेरिकेच्या कायद्यात युद्धकाळात एक दिवस सन्मानानं सेवा केली तरी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. कलम १८६२ पेक्षा उदार आहे. अडचण पुन्हा कागदातच. २००९ पासून डॉक्टर आणि हिंदीसकट अनेक भाषा जाणणाऱ्या परदेशी तरुणांसाठी एक खास भरती योजना चालली. शिक्षणासाठी गेलेले अनेक भारतीयही त्यात गेले. २०१६ मध्ये पार्श्वभूमी तपासणीच्या नावाखाली ती थांबली आणि भरती झालेले कित्येक जण वर्षानुवर्षं अधांतरी राहिले, व्हिसा संपत आलेले, प्रशिक्षणाला बोलावणं नाही. सेवेचा दाखला म्हणजे एन-४२६ हा साधा नमुना. त्यावर सही करायलाच २०१७ मध्ये लष्करानं १८० दिवसांची नवी अट घातली. ती २०२० मध्ये न्यायालयानं रद्द केली. कायदा म्हणतो एक दिवस, कचेरी म्हणाली १८० दिवस, आणि मधे शिपाई.

म्हणून परदेशी माणसाला सैन्यात घेणाऱ्या कोणत्याही देशाकडून, आणि आपले तरुण जिथे जातात त्या प्रत्येक ठिकाणी आपल्या सरकारनं, चार गोष्टी आग्रहानं मागाव्यात असं मला वाटतं. करार शिपायाला कळणाऱ्या भाषेत आणि मधे एजंट नको. वारसाचं नाव, घरचा पत्ता, पैशाचा वाटा पहिल्या दिवशी नोंदवलेला. नागरिकत्वाचं वचन असेल तर ते शपथेच्या दिवशीच लागू, सेवामुक्तीच्या कागदाला टांगलेलं नको, कारण मेलेल्याला तो कागद मिळत नाही. आणि वाद झाला तर नोंद चुकीची असल्याचं ओझं शिपायावर नाही. नोंद बरोबर असल्याचं ओझं सरकारवर. फसवणूक करणारे थोडे निसटतील. निसटू देत. त्यांना पकडण्यासाठी प्रत्येक आईकडून तिच्या मुलाची पत्रं काढून घेण्याची गरज नाही.